जुन्या टर्मिनलमधला मुक्काम
मालवणातील चिरेबंदी घरांची हॉटेले केल्यास त्यांचे मूळ रूप टिकेल का, या आपल्या शंकेवरून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर टीडब्ल्यूए या पूर्वीच्या विमान कंपनीच्या टर्मिनलमध्ये झालेल्या टीडब्ल्यूए हॉटेलचे उदाहरण द्यावेसे वाटते. वास्तुविशारद ईरो सारिनेन यांच्या आराखड्याचे हे टर्मिनल १९६२ मध्ये सुरू झाले, २००१ मध्ये बंद पडले आणि २०१९ मध्ये हॉटेल म्हणून उघडले. मात्र ५१२ खोल्यांपैकी एकही मूळ इमारतीत न घालता त्या मागे नव्याने बांधल्या. त्यामुळे तेथे मुक्काम करताना काँक्रीटचे पंखाकृती छत, लाल गालिच्याची खोलगट बैठक आणि फडफडत अक्षरे बदलणारा फलक निवांत पाहता आला. आपल्याकडेही ओटी, माजघर जसेच्या तसे राखून खोल्या परसात बांधाव्यात, असे मला मनापासून वाटते; न्हाणीघरासाठी चिऱ्याची जुनी भिंत एकदा फोडली की ती पूर्ववत होत नाही.