दोराबजी टाटा ट्रस्टचं काय?

‘कौटुंबिक ट्रस्ट म्हणजे कर वाचवायची सोय’ असं काही जण म्हणतात, पण ते मला सरसकट पटत नाही. उद्योगपती दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजी टाटांनी आपली जवळपास सगळी मालमत्ता ट्रस्टला दिली, बायकोच्या दागिन्यांसकट! १९४१ साली परळचं कर्करोगावरचं टाटा हॉस्पिटल उभं राहिलं ते या ट्रस्टमुळे. पुढे ते सरकारकडे गेलं.

आजही तिथे फुटपाथवर फायलींच्या पिशव्या सांभाळत बसलेली गावाकडची माणसं दिसतात. कित्येकांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते, पण तीही किती जणांना पुरणार? देणगीदारांनी यंत्रांइतकाच पैसा रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या मुक्कामालाही द्यावा, असं मला मनापासून वाटतं.