१२ इंची स्पीकर फळीवर लावला अन् बासच गायब

परभणीचा_खटाटोप्या
राम राम मंडळी. भजनाच्या जुन्या डब्यातले १२ इंची दोन स्पीकर निघाले, अन् ४ इंची फुल रेंजची (एकच स्पीकर जवळपास सगळे सूर वाजवतो तसली) एक जोडी हाय, त्याचं ओपन बॅफल (डबा नाही, नुसत्या फळीवर स्पीकर, मागची बाजू उघडी) करायलोय. सध्या १८ एमएमच्या प्लायची ६० सेमी रुंद फळी, मधोमध भोक पाडून १२ इंची बसवला. पखवाज लावला तर नुसती टपटप ऐकू यायली, घुमारा काही नाही. तोच स्पीकर डब्यात होता तवा खिडकीची तावदानं वाजायची. फळी जाड करू का मोठी? घर माळवदाचं, बैठक १० बाय १४ फूट.

लातूरचा_सोल्डरवाला
जाडीनं काय होणार नाही भाऊ. स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पुढं आला की पुढची हवा दाबली जाते अन् त्याच टायमाला मागची विरळ होते, मग फळीच्या कडेवरून दोघी एकमेकीला गाठतात आणि हिशोब बरोबर, शिल्लक शून्य. वरच्या सुरांची लहर छोटी, तिला फळी पुरते, खर्जाला पुरत नाही. ढोबळ हिशोब असा की ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीनं भागायचं. तुमचं ०.६, म्हणजे १९० हर्ट्झ, त्याच्या खाली दर ऑक्टेव्हला, म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की, ६ डीबी घसरण. ८० हर्ट्झपर्यंत आवाज टिकवायचा तर १.४ मीटर रुंदी पाहिजे, ती पण दोन फळ्यांना! १० फुटाच्या खोलीत उभं करा अन् मग वहिनी काय म्हणतात ते इथं कळवा 😄 म्हणून लोक कडेला मागं पंख काढतात, पण ते २५ सेमी खोल केले की ३०० हर्ट्झच्या आसपास घोंघों सुरू होतं, मग त्याच्या बरंच खाली क्रॉसओव्हर (खालचे सूर एका स्पीकरला अन् वरचे दुसऱ्याला वाटायची सीमा) ठेवावा लागतो.

नांदेड_बेसमेंट
पंख बिंख राहू द्या, स्पीकरच चुकीचा हाय. पीएच्या (सभा-कार्यक्रमाच्या लाऊडस्पीकरच्या) स्पीकरचा मॅग्नेट तगडा असतो, क्यूटीएस (कोन किती आवरलेला हाय तो आकडा, कमी म्हणजे जास्त आवरलेला) बहुतेक वेळा ०.३-०.४ च्या घरात, ओपन बॅफलला ०.७ च्या वरचा लागतो. इक्वलायझरनं ६ डीबी चढवलं तरी अ‍ॅम्पला चौपट पॉवर द्यावी लागते अन् कोन उड्या मारायलाच लागतो. गुपचूप डब्यात घाला.

रंधा_पटाशी
सुताराच्या बाजूनं सांगतो. भोक कधीच मधोमध नको, चारी कडा सारख्या अंतरावर आल्या की एकाच फ्रिक्वेन्सीला खड्डा पडतो, म्हणून थोडं बाजूला सरकवा. ४ इंचीच्या मागं १८ एमएमची जाडी म्हणजे बोगदाच होतो, मागून भोकाची कड ४५ अंशात उतरवा, फक्त स्क्रूच्या जागी लाकूड राहू द्या. एमडीएफ स्वस्त पडतं पण पावसाळ्यात कडेनं फुगतं, प्लायच बरं. अन् लाकडी स्क्रू दोनचारदा काढघाल केली की चाळ पडते, टी नट (मागून ठोकायचा आटेवाला लोखंडी नट) ठोका.

परभणीचा_खटाटोप्या
मॅग्नेट तर परातीएवढा हाय, म्हणजे पीएचाच. मग असं जमंल का, १२ इंची परत डब्यात खाली, अन् वर फक्त ४ इंची फळीवर? त्याला केवढी फळी?

लातूरचा_सोल्डरवाला
जमतंय की, हेच बेस्ट. ४५ सेमी रुंद घ्या, हिशोबानं २५५ येतं, २५० च्या आसपास क्रॉस करा. मागची भिंत मीटरभर तरी लांब पाहिजे, चिकटवली तर ओपन बॅफलची मजा गेली. जोडायच्या आधी दीड व्होल्टचा सेल प्रत्येक स्पीकरला क्षणभर लावून बघा, जुन्या डब्यातल्या वायरींचा भरवसा नसतो. कोन ज्या जोडणीत पुढं येतो तिथं सेलचा प्लस तोच स्पीकरचा प्लस, मार्करनं खूण करा.

नांदेड_बेसमेंट
अन् तो सेल ४ इंचीला जास्त येळ धरून बसू नका, नुसतं टेकवा अन् काढा.