सोलर पॅनलवर पाणी सोडायचा जुगाड चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. गच्चीवर ३३० वॅटचं पॅनल दक्षिणेला तोंड करून बसवलंय, पण मे महिन्यात भर दुपारीच ते तापून वॅट कमी मिळतात की राव. २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला ०.४ टक्के घट धरली आणि पॅनल ६५ ला तापलं तर पन्नासेक वॅट गेलेच. म्हणून वरच्या कडेला भोकं पाडलेला पाइप, खाली पन्हळ, आणि छोट्या डीसी पंपाने तेच पाणी फिरवत ठेवायचं असं डोक्यात आलंय (बायको म्हणते आधी प्यायचं पाणी भरा, नळ चार दिवसाआड येतो). बोअरच्या जड पाण्याने काचेवर क्षार बसतील का? तापलेली काच गार पाण्याने तडकेल का? पंपच १८ वॅट खातो. कुणी करून बघितलंय का?