वडिलांचं पहिलं वर्ष येतंय: फोटो, फोनमधला आवाज आणि शेतातलं झाड, नेमकं कसं करावं?

रंकाळाकाठ (प्रश्न)

वडील गेल्या सप्टेंबरमध्ये गेले. वर्षश्राद्ध दोन-अडीच महिन्यांवर आलंय आणि घरात काही गोष्टी अडून बसल्यात. जाणकारांनी नेमकं सांगावं, कारण यातली एकही वस्तू बिघडली तर परत मिळणारी नाही.

फ्रेमसाठी धड फोटो नाही. एक पासपोर्ट आकाराचा रंगीत आहे. दुसरा तरुणपणीचा, स्टुडिओत फेटा बांधून काढलेला कृष्णधवल, पण तो जुन्या फ्रेमच्या काचेला चिकटलाय. भावाने पासपोर्ट फोटो मोबाईलवर एआयने मोठा करून आणला. दिसतो स्वच्छ, पण आई म्हणते, "हे तुझे बाबा न्हवंत."

त्यांचा अँड्रॉइड फोन आहे, सिम प्रीपेड, रिचार्ज या महिन्यात संपतोय. नातवंडांना पाठवलेल्या बऱ्याच व्हॉइस नोट्स त्यात आहेत. शिवाय भजनी मंडळाची एक जुनी कॅसेट आहे, तिच्यात ते गायलेत.

पंचगंगेवर रक्षाविसर्जन झालं तेव्हा थोडी रक्षा मडक्यात राखून ठेवली. करवीर तालुक्यात उसाचं शेत आहे, तिथे आंबा लावून त्याच्या बुडात घालायची आहे.

शेवटचं म्हणजे तारखेने वर्ष १० सप्टेंबरला होतं आणि गुरुजी तिथी महिनाअखेरीस सांगतात. एवढा फरक कसा?

आवाजजतन (उत्तर)

ताई, फोन आधी घ्या. बाकी सगळं दोन महिने थांबेल, फोन थांबणार नाही.

प्रीपेड सिमचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर त्यातून कापून आणखी ३० दिवस मिळतात. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी जातो. व्हॉट्सअॅपचं खातंही १२० दिवस वापर नसेल तर काढलं जातं. म्हणून आज सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारा. नंबर कायमचा घरात ठेवायचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन आईंच्या नावावर करून घ्या. बँकेचे व्यवहार मात्र त्या फोनवरून करू नका, ती कामं दाखला दाखवून बँकेतच व्हायला हवीत.

आता काय करायचं नाही ते. फोन रिसेट करायचा नाही. "स्लो झालाय" म्हणून दुकानात द्यायचा नाही. व्हॉट्सअॅप काढून पुन्हा टाकायचं नाही. त्यांचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथे व्हॉट्सअॅप चालू करायचं नाही, कारण तसं केलं की जुन्या फोनवरचं बंद होतं आणि बॅकअप नसेल तर नव्या फोनवर काहीच दिसत नाही.

व्हॉइस नोट्स साध्या फाइल असतात, थेट काढता येतात. डेटा वाहणारी केबल घ्या (नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने फोन संगणकावर दिसतच नाही), फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि या वाटेने जा: अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सअॅप, व्हॉट्सअॅप, पुन्हा मीडिया, व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स. आत आठवड्यागणिक फोल्डर दिसतील. २०२५३४ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. आत पीटीटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या फाइल, आणि पुढे त्याच नावात वर्ष-महिना-दिवस. कॉपी करताना फाइलची स्वतःची तारीख बदलू शकते, नावातली बदलत नाही. म्हणून मूळ नावं पुसून "बाबा १", "बाबा २" करू नका, नाव द्यायचं तर ते मागे जोडा.

सगळा फोल्डर जसाच्या तसा उचला. आलेल्या आणि पाठवलेल्या नोट्स एकत्रच असतात, निवड नंतर करा. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का पाहा आणि पाच-दहा फाइल संगणकावर प्रत्यक्ष वाजवून बघा. त्या ओपस प्रकारच्या असतात, व्हीएलसी प्लेअरवर वाजतात. नातेवाइकांना द्यायला एमपीथ्री प्रती वेगळ्या काढा, मूळ ओपस ठेवाच. कॉल रेकॉर्डिंग होत असेल तर त्याचा फोल्डर वेगळा असतो, तोही शोधा. आणि नातवंडांच्या फोनवरच्या नोट्स विसरू नका. बाबांच्या फोनमधून पुसली गेलेली एखादी नोट तिथे सापडते. ती फॉरवर्ड करून घ्या; स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केली तर खोलीचा घुमारा आणि पंखा आवाजात उतरतो.

कॅसेट घाईने टेपमध्ये घालू नका. खिडकीतून रिळाच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट वाजवायचीच नाही. टेपचं हेड खराब होतं आणि फितीवरचा थरही सुटतो. ती जाणत्या माणसाकडेच द्या. स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवा, वर्षानुवर्षं एका जागी बसलेली फीत मोकळी होते. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळाला असेल तर आवाज दबका आणि हेलकावे खाणारा येतो. तेव्हा स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून रिळं तिच्यात बसवायची. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या.

टेपच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाला जोडताना एक गोष्ट नेहमी चुकते: ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालतात. तिथे आवाज फाटतो आणि दोन वाहिन्यांची एक होते. लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ अडॅप्टर घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. आवाजाचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, टाळ-मृदंगाच्या ठोक्याला वर जागा लागते. ६० मिनिटांची कॅसेट साधारण ६३५ एमबी होते. खरखर काढण्याचा फिल्टर मूळ फाइलवर कधीच लावू नका. जास्त लावला की गळ्यातला खर जातो, आणि माणसाचा आवाज ओळखू येतो तो त्या खरातच.

तीन प्रती करा: संगणकावर एक, हार्ड डिस्कवर एक आणि तिसरी दुसऱ्या घरी. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. फोन नंतर कपाटात ठेवायचा झाला तर अर्धा चार्ज करून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी पडून राहिली तर पुढे चार्जच घेत नाही.

काचचौकट

आईंचं बरोबर आहे, त्यांचंच ऐका. लहान फोटोत जे बारकावे नसतात ते एआय स्वतःच्या मनाने भरतं. पापणीची घडी, मिशीची टोकं, गालावरचा तीळ, पुढच्या दाताची फट यांपैकी काहीतरी बदलतंच. परक्याला ते दिसत नाही, चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला लगेच दिसतं. यंत्राकडून धूळ, ओरखडे, फाटलेली कड एवढंच काढून घ्या. चेहऱ्याला हात लावू देऊ नका. रंग भरण्याचंही तेच, कृष्णधवलमधल्या फेट्याचा रंग यंत्राला कुठून कळणार? भरायचाच असेल तर आईंना विचारून भरा.

पासपोर्ट फोटो मोबाईलने काढू नका, फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला (इंचामागे १२०० ठिपके) घ्या. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो साधारण १६५० बाय २१२५ पिक्सेल होतो. १२ बाय १५ इंची फ्रेमला इंचामागे १३८ ठिपके पडतात, भिंतीवर पाच-सहा फुटांवरून बघायला ते पुरतं. आरशासारखं गुळगुळीत मात्र दिसणार नाही, आणि दिसू नये. फाइल टिफ प्रकारात ठेवा. स्कॅनरच्या 'आपोआप सुधारणा' बंद करा. कृष्णधवल फोटोही रंगीत स्कॅन करा, पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. फ्रेमवाल्याला पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. ब्लेड नको, हेअर ड्रायर नको, वाफ तर अजिबातच नको. पावसाळ्याच्या ओलीत फोटोचा वरचा थर फुगून काचेला धरतो. ओढला की थर काचेवर राहतो आणि हातात कागद येतो. बहुतेक वेळा तो चेहऱ्यावरच धरलेला असतो. चौकट आणि मागची पाटी काढा, काच-फोटो एकत्रच ठेवा, काच बाहेरून पुसा आणि काचेची बाजू खाली करून स्कॅन करा. मूळ तसाच काचेसकट जपा.

फ्रेम करताना चार-पाच गोष्टी सांगून घ्या, न सांगता कुणी करत नाही. फोटो आणि काच यांच्यात माउंट हवा, दीड-दोन इंची पट्टी पुरे, म्हणजे फोटो काचेला टेकणार नाही. फोटो फेविकॉलने पाटीला चिकटवू नका, नुसत्या कोपऱ्यांवर बसवा. लॅमिनेशन नको, ते नंतर काढता येत नाही. मागे कागदी टेपने कडा बंद आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुटं, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका, कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात तिथे बुरशी ठरलेली.

ताज्या फुलांचा हार फ्रेमवर थेट घालू नका. पाणी काचेच्या कडेवरून आत उतरतं. वर स्वतंत्र खिळा मारून हार त्यावर अडकवा. कुंकू काचेवर लावा, फोटोवर नाही. समई आणि उदबत्ती दीड-दोन फूट लांब, काजळी कडांतून आत जाते.

अजून एक पर्याय मनावर घ्या: व्यक्तिचित्र. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या कोल्हापुरात हाताने चेहरा रंगवणारे आजही आहेत. दळवीज आणि कलानिकेतन या चित्रकलेच्या संस्थांत चौकशी केली तर माणूस सापडतो. त्यांना एकच नाही, वेगवेगळ्या कोनांतले पाच-सहा फोटो द्या, मग ते अंधुक असले तरी चालतील. पेन्सिलचं कच्चं रेखाटन आईंना दाखवून मगच रंग लावायला सांगा. रंग लागल्यावर नाक बदलत नाही.

बांधावरून

झाडाबद्दल. रक्षा खारट आणि विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कली) असते, ढीग करून मुळाशी ओतली तर रोपाची पांढरी मुळं जळतात. 'बाबांचं झाड जगलं नाही' हे दुःख घरातल्यांना वेगळंच लागतं, म्हणून सांगतोय. ३ बाय ३ बाय ३ फुटांचा खड्डा घ्या. वरची माती आणि तीन-चार पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा. रक्षा किलोभरापेक्षा जास्त नको, आणि ती या मिश्रणात पूर्ण मिसळून खड्ड्याच्या कडेकडेने घाला, रोपाच्या पेंडीपासून वीतभर लांब. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती आम्लधर्मी, तिला राख मानवते. नदीकाठची काळी आधीच विम्लधर्मी, तिथे आणखी कमी घाला, उरलेली शेतात पसरा.

उसात झाड मरतं ते बहुधा राखेने नाही. तोडणीनंतर पाचट पेटवतात तेव्हा होरपळतं, किंवा ट्रॉली वळताना मोडतं. शक्य झालं तर पाचट पेटवूच नका. पेटवणार असाल तर रोपाभोवती सहा-सात फुटांचं मोकळं आळं आधी ओढून घ्या. जागा निवडताना ट्रॉलीची वाट आणि पाट दोन्ही बघा. पाटाच्या खाली पाणी साचतं, तिथे आंबा पिवळा पडतो. बांधावर तर लावूच नका. दहा वर्षांनी सावली शेजाऱ्याच्या उसावर पडली की भांडण वडिलांच्या नावाने होतं. बांधापासून किमान १५ फूट आत घ्या.

लावणी जून-जुलैत, पहिला पाऊस मुरल्यावर. वर्षश्राद्धापर्यंत थांबलात तर पावसाचे मोलाचे दोन महिने जातात. झाड आता लावा, त्या दिवशी फक्त पूजा करा. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहू द्या. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोनदा पाणी, हे कोण घालणार ते नावानिशी आजच ठरवा.

गावठाण

तिथीचा फरक असा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून एरवी वर्षाची तिथी तारखेच्या ११ दिवस आधी येते. यंदा २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता, एक महिना वाढला, त्यामुळे तिथी १९ दिवसांच्या आसपास पुढे गेली. गुरुजींचं बरोबर आहे. सत्यशोधक पद्धतीने किंवा गुरुजी न बोलावता करणार असाल तर तारीख धरा, त्यात काही उणं नाही. पाहुण्यांना आणि पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत मात्र एकच दिवस कळवा, दोन तारखा फिरल्या की निम्मे लोक चुकतात. जाहिरातीचा मजकूर छापण्याआधी घरातल्या तिघांनी वेगवेगळा वाचावा. सुना, जावई, नातवंडं यांच्यातलं एखादं नाव राहतंच आणि ते वर्षानुवर्षं बोललं जातं.

जेवणावळ आवरती घेऊन काही द्यायचं मनात असेल तर पंचगंगा स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) द्या. महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, शेणी लोक दान देतात, होळीला तर खास. सप्टेंबरात देणार असाल तर भिजलेल्या देऊ नका, त्या पेटत नाहीत. आधी तिथे विचारा आणि कोरड्या मिळाल्या तरच न्या.

आणि हेळवी (घराण्यांची वंशावळ वहीत जपणारा) गावात आला की वडिलांचं नाव, त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांची नावं वहीत नीट घालून घ्या. लेकींची नावंही सांगा, न विचारता ती वहीत येत नाहीत. त्याच वेळी तो मागच्या पिढ्या म्हणून दाखवतो ते रेकॉर्ड करा, त्याला धान्य-पैसे द्याल तेव्हा परवानगीही विचारा.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रिचार्ज केला, फाइली उद्या काढतो आहोत. काचचौकट दादा, फेट्याच्या फोटोची काच स्कॅनरपेक्षा मोठी आहे आणि फोटो थोडा बाकदार झालाय. मग काय करू?

काचचौकट

मग स्कॅनर नको, दाबली तर काच तडकेल. कॅमेऱ्याने काढा. काच टेबलावर सपाट ठेवा, दोन सारखे दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, खोलीतला वरचा दिवा आणि पंखा बंद. कॅमेरा स्टँडवर बरोबर वर, फ्लॅश नाही, दोन सेकंदांचा टायमर. एका काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यासमोर धरा, म्हणजे कॅमेऱ्याचं आणि तुमचं प्रतिबिंब काचेत येत नाही. फोन वापरणार असाल तर थोडा उंच धरून दुप्पट झूमची लेन्स वापरा, जवळून रुंद लेन्सने चेहरा कडेला ताणतो. दिवे थोडे सरकवत दहा-बारा फोटो काढा. जिथे फोटो काचेला धरलाय तिथे ओलसर, गडद डाग दिसेल. एका कोनात तो डाग सगळ्यात फिका येतो, तीच फाइल सुधारायला द्या.