‘थ्रेड-सेफ’ला मराठीत काय म्हणायचं? धागा-सुरक्षित नको बाबा

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या इथं चार-पाच पोरं नवीन लागलीत, त्यांच्यासाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या नोट्स मराठीत लिहायलोय. क्यूला ‘रांग’ झालं, स्टॅकला ‘चवड’ झालं (भाकरीची चवड, शेवटी ठेवलेली भाकरी पहिली उचलायची, पोरांना लगेच कळलं), पण ‘थ्रेड-सेफ क्यू’वर गाडी अडकली (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधे बरोबरीनं चालणारी वेगवेगळी कामं, त्यांनी एकदम हात घातला तरी आतला माल बिघडत नाही तो थ्रेड-सेफ). ‘धागा-सुरक्षित रांग’ लिहिलं तर एक पोरगं विचारतंय, सर म्हणजे धाग्याला काय होत नाही असं का? आणि त्याचं बरोबरच आहे की, धाग्याला काय व्हायचंय, जपायचा असतो आतला माल आणि भीती असते ती धाग्यांचीच. दुसरं म्हणजे ‘लाइटवेट’. ‘हलकं’ लिहावं तर आपल्याकडं हलका गूळ म्हणजे हलक्या प्रतीचा गूळ. सुचवा काहीतरी.

---

लाइटवेटला ‘सुटसुटीत’. विषय संपला. थ्रेड-सेफला ‘निर्धोक’ चालेल का बघा.

---

सुटसुटीत एक नंबर, पण निर्धोक नको. निर्धोक कशापासून ते कळतच नाही, पूल पण निर्धोक असतोय आणि गॅसची शेगडी पण.

मला वाटतं आधी ‘रांग’ हाच शब्द तपासा. रांग म्हटलं की अंबाबाईच्या दर्शनाची रांग डोळ्यापुढं येते, माणसं स्वतः ताटकळत उभी. क्यूमधे तसं नसतंय. आमच्या शिवाजी पेठेतल्या गिरणीत बघा, डबा फळीवर ठेवायचा, ‘दळण ठेवलंय ओ’ म्हणायचं आणि घरी जायचं, नंबर डब्याचा लागतो, माणसाचा नाही. ठेवणारे दहा, दळणारे दोन. फळी भरली तर गिरणीवाला म्हणतो थांबा जरा, एक डबा उतरू दे (मॅक्ससाइज म्हणजे क्यूची मर्यादा दिल्यावर पुट म्हणजे ठेवणं थांबून राहतं ते हेच), आणि फळी रिकामी असेल तर तो बिडी ओढत बसतो, डबा आला की उठतो, ते झालं गेट म्हणजे काढणं. बोलताना आपण क्यूला रांग कुठं म्हणतो, ‘नंबर लावून ये जा’ असंच म्हणतो की.

---

गिरणीचं लई भारी. त्यातच लिस्टचं पण सांगा पोरांना. लिस्टमधनं (पायथॉनची साधी यादी) पॉप झीरो केलं की पहिला डबा काढून मागचे सगळे डबे एकेक जागा पुढं सरकवावे लागतात, दहा डब्यांना चालतंय, लाखाला कंबर मोडते. पायथॉनमधे डेक म्हणून दुसरा प्रकार आहे, त्याला ते सरकवणं नाही, दोन्ही टोकांनी ठेवा-काढा. सुटसुटीत म्हणायचं तर त्याला म्हणा.

---

डेकला ‘दुतोंडी रांग’ असं एका ठिकाणी वाचलंय 😀 दुतोंडी म्हणजे इकडं एक तिकडं एक बोलणारा, आमच्या भावकीत दोघं आहेत तसले. डेकला डेकच राहू दे.

---

थ्रेड-सेफला माझं मत ‘सामाईक’. गावाकडं सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते बघा, चार भावांची विहीर एक, मोटर एक, उसाला पाणी पाळीनं. ज्याची पाळी त्यानंच बटण दाबायचं, ती पाळी म्हणजेच लॉक. सामाईक म्हटलं की एकापेक्षा जास्त वापरणारे आहेत आणि त्यांचं काहीतरी ठरलेलं आहे हे दोन्ही आपोआप येतं, सुरक्षित शब्द लागतच नाही.

---

सामाईक पटलं मला, आणि एक स्वतःचा मार सांगतो. मागं एका कामात मी क्यू जड पडतो म्हणून नुसता डेक घेतला, डेकचं अपेंड (मागं ठेवणं) आणि पॉपलेफ्ट (पुढचं काढणं) एकेकटं थ्रेड-सेफच असतंय म्हणून निर्धास्त होतो. पण कोड असा होता, आधी बघायचं डेकमधे काही आहे का, असेल तर पॉपलेफ्ट. या दोन ओळींच्या मधे दुसऱ्या थ्रेडनं शेवटचा डबा उचलला की आपला हात रिकाम्या फळीवर. इंडेक्सएरर, म्हणजे नाही ते काढायला गेल्याची चूक. महिन्यातनं एकदा, तेही रात्री, वर्कर (कामं उचलणारा थ्रेड) गप मरून पडलेला आणि सकाळी कामांचा ढीग. बघणं आणि उचलणं एकाच पाळीत व्हायला पाहिजे होतं. नंतर क्यूचा सोर्स उघडून बघितला तर आत डेकच आहे, त्याच्यावर एक लॉक आणि वाट बघायची सोय. मी जे फेकलं होतं तेवढंच. पायथॉन ३.७ पासनं सिंपलक्यू पण आहे, त्याला फळीची मर्यादा घालता येत नाही आणि काम झाल्याची नोंद ठेवत नाही, पण बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतंय.

म्हणजे नोट्समधे असं लिहितो: ‘डेक सुटसुटीत आहे. क्यू सामाईक आहे, बघणं-उचलणं एका पाळीत करतो.’ चालतंय का?

---

चालतंय की. फक्त कंसात एकदा ‘थ्रेड-सेफ’ लिहा, नाहीतर पोरं पुण्यात इंटरव्ह्यूला जाऊन सामाईक सामाईक करत बसतील.

---

आणि डेडलॉकला (दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकून बसतात ते) काय मग?

---

कोंडी. संध्याकाळी सातला पापाच्या तिकटीला गाडी घेऊन जा, कळतंय.