मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात होमस्कूलिंगचं नवं वर्ष हळूहळू कसं सुरू करावं? (वय ७ आणि साडेचार)

दारचा_गुलमोहर
मुलगी ७ वर्षांची, दुसरीचा अभ्यास झालाय, जूनपासून तिसरीचा घ्यायचा आहे. मुलगा साडेचारचा. मराठी माध्यम, पुस्तकं बालभारतीची. मार्चअखेरपासून वह्या बंद आहेत. मुलं रात्री ११ ला झोपतात, सकाळी ८ ला उठतात, आणि ९ नंतर उन्हामुळे कशातच लक्ष लागत नाही. एकदम वेळापत्रक लावलं तर रडारड होणार हे दिसतंय. शिवाय तीन नेमक्या अडचणी आहेत:
१. जोडाक्षर आलं की मुलगी अंदाजाने भलताच शब्द म्हणते.
२. 'सत्तेचाळीस' सांगितलं की ७४ लिहिते.
३. तिला घेऊन बसलं की धाकट्यालाही तेच हवं असतं.
मेपासून नेमकं काय करावं?

पाटीवरची_अक्षरं
आधी झोप, मग अभ्यास. उठण्याची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. ८ वरून साडेसहावर यायला सहा टप्पे, म्हणजे १८ दिवस लागतील. सुरुवात उठवण्यापासून करा. लवकर झोपवण्यापासून केलीत, तर झोप आलेली नसताना मुलं अंथरुणात तासभर लोळतात आणि सगळ्यांचीच चिडचिड होते. या दिवसांत दुपारची झोप पाऊण तासाच्या वर जाऊ देऊ नका.

अभ्यास घड्याळाला बांधू नका, न्याहारीला बांधा. न्याहारीची ताटली उचलली की सतरंजी पसरायची. पहिला आठवडा फक्त १५ मिनिटं वाचन. दुसऱ्या आठवड्यात १० मिनिटं गणित, तिसऱ्यात १० मिनिटं लेखन. चौथ्या आठवड्यात नवीन काही नाही, आहे तेच चालू. परिसर अभ्यास पाचव्यापासून. विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी राज्यानंतर उघडतात, तेव्हा १५ जूनची घाई तुम्हाला मुळीच नाही.

तिसरीचं कोरं पुस्तक सध्या कपाटातच राहू द्या. दोन महिन्यांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी नवा धडा काढला, की न येण्याचं कारण धडा अवघड आहे हे, की मागचं विसरलंय हे, ते कळतच नाही. दुसरीच्या पुस्तकातला साधारण ५० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचून घ्या. पाचापेक्षा जास्त शब्दांना अडली, तर महिनाभर दुसरीचंच पुस्तक चालवा.

काना_मात्रा
जोडाक्षरांबद्दल. अंदाजाने वाचणारं मूल शब्दाचं पहिलं अक्षर आणि चित्र बघून बाकीचं जुळवतं. त्यामुळे "नीट बघ" म्हणून उपयोग होत नाही, नजर डावीकडून उजवीकडे सरकायला भाग पाडावं लागतं. पुठ्ठ्याची पट्टी घ्या, शब्द झाका आणि एकेक अक्षर उघडत न्या. चित्र नसलेला मजकूर वापरा.

प्रकार एकत्र करू नका. क्रम असा ठेवा:

आधी उभी रेघ गाळून अर्धी होणारी अक्षरं: वस्तू, पुस्तक, गोष्ट, कच्चा, गल्ली असे शब्द. मग क आणि फ: मुक्काम, शक्ती, मुफ्त. नंतर ट, ठ, ड, द यांची जोडाक्षरं: सुट्टी, चिठ्ठी, उद्या. सगळ्यात शेवटी र, कारण त्याची चार रूपं आहेत: सूर्य, प्रकाश, राष्ट्र, वाऱ्यावर. रफार सर्वांत जास्त चकवतो, कारण तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा असतो त्याच्या आधी. तिथे शब्द टाळ्यांनी तोडा: सूर्-य, गर्-दी, वर्-ग. 'पुस्-तक' सुद्धा असंच. आधी तोंडी तोडता आलं पाहिजे, मग कागदावर.

रोज सहा शब्द, एका प्रकाराला चार दिवस. पाचव्या दिवशी त्याच शब्दांची दोन-तीन वाक्यं करून द्या. अडली तर लगेच शब्द सांगू नका, मनात पाच आकडे मोजा. बरेचदा तेवढ्यात ती स्वतः सुधारते, आणि पक्कं होतं ते तसंच.

दशक_सुटे
४७ चं ७४ होणं हा निष्काळजीपणा नाही, कृपा करून त्यावर रागावू नका. सत्तेचाळीस म्हणजे सात आणि चाळीस. कानावर सात आधी पडतो, हात सात आधी लिहितो. ती ऐकलेलं प्रामाणिकपणे उतरवते आहे.

१०० आइस्क्रीमच्या काड्या आणि १० रबरबँड घ्या. दहादहाचे नऊ गठ्ठे, दहा काड्या सुट्या, उरलेला रबरबँड बाजूला. संख्या ऐकली की हात पहिल्यांदा गठ्ठ्यांकडेच गेला पाहिजे: चार गठ्ठे डावीकडे, मग सात सुट्या उजवीकडे, आणि त्यानंतर चौकटीच्या वहीत आकडे. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये 'चाळीस सात' अशी वाचनपद्धतही दिली गेली, त्यावर बराच वादही झाला. पण पूल म्हणून ती फार कामाची आहे. आठ-दहा दिवस दोन्ही म्हणून घ्या: "सत्तेचाळीस, चाळीस सात", मग लिहायचं.

काही जण सात आधी लिहून डावीकडे जागा सोडायला शिकवतात. ते टाळा. तीनशे सत्तेचाळीस आलं की ३ लिहून झाल्यावर जागा सोडायची, ७ लिहायचा, परत मागे यायचं, असा गोंधळ होतो.

१ ते १०० म्हणून घेण्याने हे सुटत नाही, क्रमाने तर सगळ्यांनाच येतं. फसणाऱ्या जोड्या द्या, रोज पाच संख्या: पंचवीस-बावन्न, सदतीस-त्र्याहत्तर, सेहेचाळीस-चौसष्ट. 'एकोण'वाल्या संख्या वेगळ्या दिवशी घ्या: पाच गठ्ठे ठेवून एक सोडा, एक काडी काढून घ्या, एकोणपन्नास. ८९ पर्यंत हेच चालतं, ९९ मात्र नव्व्याण्णव. तेवढं वेगळं सांगा.

मातीचे_बैल
धाकट्याला आधी घ्या. मोठीच्या आधी पूर्ण दहा मिनिटं फक्त त्याची, फोन दुसऱ्या खोलीत. पोट भरलेलं मूल जेवणावर जसं तुटून पडत नाही, तसं लक्ष मिळालेलं मूल मध्ये मध्ये येत नाही. नंतर त्याला परातीत पाणी, गाळणी, दोन वाट्या द्या. अर्धा तास सहज जातो.

साडेचारला वहीत लिखाण नको. माती मळणं, मोठे मणी ओवणं, राजमा आणि चवळी चिमटीने वेगळं करणं. पाटीवर रेघोट्या मारायच्या असतील, तर खडूचा दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा द्या. अख्खा खडू मुठीत धरला जातो, तुकडा मुठीत धरताच येत नाही, म्हणून तीन बोटांची पकड आपोआप येते.

दारचा_गुलमोहर
खूप धन्यवाद सगळ्यांना. आणखी दोन प्रश्न. परिसर अभ्यासासाठी या उन्हात घरातच काय घेता येईल? आणि पुढे शाळेत घालायचं ठरलं तर अडचण येते का?

पाटीवरची_अक्षरं
दुसऱ्याचं आधी सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. परीक्षा द्यायची असेल तर एनआयओएसचे (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त बेसिक शिक्षणाचे अ, ब, क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे आहेत. आतापासून दर महिन्याला प्रत्येक विषयाचं एक पान, तारीख घालून, फाइलला लावत जा.

काना_मात्रा
परिसरासाठी सगळ्यात सोपं: दोन सारख्या स्टीलच्या बाटल्या, सारखंच पाणी. एकीला ओलं सुती फडकं गुंडाळा, दोन्ही सावलीत वाऱ्याला ठेवा. तासाभराने मुलांना हात लावून सांगू द्या कोणती गार. मग माठ का गार करतो ते बोला. फडकं सुकू देऊ नका, सुकलं की फरक संपतो. कूलरच्या खोलीत ठेवू नका, तिथली हवा आधीच दमट असते, फरक नीट कळत नाही. हाच प्रयोग जुलैत पाऊस लागल्यावर पुन्हा करून घ्या, तेव्हा बाटली फारशी गार होणार नाही. मुलीला दोन्ही वेळची नोंद एकाच पानावर करायला सांगा.