मदत हवी आहे: कंपनी तीच, पण आता पटत नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

चाफेकळी:
पहिलाच धागा आहे, चूकभूल माफ. नऊ वर्षं एकाच कंपनीत आहे. दीड वर्षापूर्वी संस्थापक बाहेर पडले, वर नवीन लोक आले आणि सगळंच बदललं. आधी दर सोमवारी सर स्वतः खाली यायचे, हातात त्या आठवड्यात आलेलं एक तक्रारीचं पत्र, ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचायचे आणि विचारायचे, हे कोणाच्या टेबलवरून सुटलं? ओरडायचे नाहीत, पण ज्याचं असेल तो हात वर करायचाच. आता ती मीटिंग बंद. तक्रारीला 'फीडबॅक' म्हणायचं, आणि दर महिन्याला स्लाईड येते की तक्रारी निम्म्यावर आल्या, त्यावर टाळ्यासुद्धा वाजतात. मला तिथे बसवत नाही. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. प्लीज लवकर सांगा, आज बुधवार आहे.

तळ्यात_मळ्यात:
कशाला हो की नाही? राजीनामा दिलाय का? तुम्ही कुठल्या खात्यात आहात, कंपनी बनवते काय? काहीच कळत नाहीये.

बिनधास्त:
आधी दुसरी ऑफर हातात घे मग तोंड उघड. मी रागाच्या भरात पेपर टाकले आणि पाच महिने घरी बसलो, हप्ते कोणासाठी थांबत नाहीत. कंपनी पगार देते, आपण काम करतो, संपलं. मालक बदलला की धोरण बदलणारच, त्यात विश्वास वगैरे आणायचाच कशाला.

अनुस्वार:
बिनधास्त, साफ असहमत. नऊ वर्षं माणूस फक्त पगारासाठी टिकत नाही. त्यांना जे टोचतंय ते धोरण नाहीये, खोटं आहे. नाव बदलून आकडा कमी दाखवणं हे खोटंच ना?

सीव्ही_डागडुजी:
सीव्ही दोन पानांत बसवा, वरच्या चार ओळींत कामाचे परिणाम आकड्यांत लिहा. फोटो टाकू नका. नऊ वर्षं एकाच ठिकाणी म्हटल्यावर प्रत्येक पद वेगळं दाखवा, नाहीतर वाढ दिसत नाही.

चाफेकळी:
सीव्हीचं नाही विचारलंय हो. सॉरी, मीच घाईत अर्धवट लिहिलं. आम्ही इन्फ्युजन पंप बनवतो, म्हणजे पेशंटला सलाईनमधून औषध ठरलेल्या वेगाने जावं म्हणून लावतात ते मशीन. मी टेस्टिंगला आहे. प्रत्येक लॉट बाहेर जाण्याआधी क्वालिटी हेडची सही लागते. आमच्या हेडनी दोन लॉट अडवले, नळी दाबली गेली की जो अलार्म वाजायला हवा तो काही पंपांत उशिरा वाजत होता. महिन्याभरात त्यांना 'स्पेशल प्रोजेक्ट'वर टाकलं. आता ती खुर्ची मला देतायत. पगारवाढ चांगली आहे. हो की नाही ते ह्याचं.

तळ्यात_मळ्यात:
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! त्या दोन लॉटचं पुढे काय झालं? आणि नोटीस पिरियड किती आहे?

बिनधास्त:
घ्या की मग. तुम्ही नाही बसलात तर मान डोलावणारा कोणीतरी बसेल. आत राहूनच सुधारणा होते.

जुना_इंजिनिअर:
सहीचं निघालंय म्हणून लिहितो. १९८६ चं चॅलेंजर यान. बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारी रॉकेटं, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते की एवढ्या थंडीत बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी रिंग नीट बसणार नाहीत, उडवू नका. वरच्यांनी आधी ऐकलं, मग दबाव आल्यावर निर्णय फिरवला. ॲलन मॅकडोनाल्ड नावाच्या त्यांच्याच अधिकाऱ्याने उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, सातही जण गेले.

बिनधास्त:
म्हणजे नकार देऊन थांबलं काय? नाहीच ना. सही दुसऱ्याने केली.

जुना_इंजिनिअर:
हो, वरिष्ठाने केली. पण नंतर चौकशी आयोगासमोर मॅकडोनाल्डच उठून खरं बोलला. कंपनीने त्याला बाजूला केलं, अमेरिकन संसदेतून दबाव आल्यावर परत घेतलं, आणि बूस्टर नव्याने डिझाईन करायचं काम त्यानेच सांभाळलं. त्याची सही त्या कागदावर असती तर तो कुठल्या तोंडाने बोलला असता?

विमानवेडा:
बोईंगचं पण हेच झालं, १९९७ ला मॅकडॉनल डग्लस ही दुसरी विमान कंपनी विकत घेतली आणि इंजिनिअरांच्या कंपनीत हिशेबवाले वर बसले. २००१ ला मुख्यालय सिॲटलहून शिकागोला, कारखान्यापासून लांब. पुढे ७३७ मॅक्सचे दोन अपघात, ३४६ माणसं.

अनुस्वार:
विमानवेडा, इतकी सरळ रेघ नको ओढूस. मॅक्समध्ये एमकॅस नावाची आपोआप चालणारी यंत्रणा होती, ती एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबत होती, ती डिझाईनची चूक होती. मुख्यालय कुठे होतं त्याचा काय संबंध? ह्यासाठी वेगळा धागा काढ.

विमानवेडा:
पण ती चूक खपवून कोणी घेतली, तोच तर संबंध आहे.

ऑडिटवाली:
मूळ प्रश्नाकडे या. चाफेकळी, 'फीडबॅक' नाव दिलं म्हणून तक्रार संपत नाही. आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक, त्याप्रमाणे तक्रार हाताळायची लेखी पद्धत लागते, एखादीची चौकशी केली नाही तर का नाही केली त्याचं कारण लिहून ठेवावं लागतं. ऑडिटर ती फाईल मागतो. तुम्ही खुर्ची घेतलीत तर त्या फाईलला उत्तर तुम्ही द्याल, स्लाईड बनवणारे नाही. त्यामुळे हो म्हणण्याआधी लेखी विचारा: लॉट अडवायचा अधिकार माझा एकटीचा राहील का, आणि मी अडवलेला लॉट कोणी सोडू शकतं का? तोंडी आश्वासन घेऊ नका. आणि कंपनीचे कागद घरी आणू नका, तारखांसह स्वतःची टिपणं ठेवा.

अनुस्वार:
ऑडिटवाली +१. आणि जुन्या हेडना फोन केलात का? सगळ्यात आधी त्यांच्याशी बोलायला हवं.

चाफेकळी:
नव्हता केला, लाज वाटत होती त्यांच्याच खुर्चीबद्दल विचारायला. काल रात्री केला. ते एवढंच म्हणाले की लॉट रजिस्टरचं शेवटचं पान बघ. आज बघितलं. अडवलेल्या दोन्ही लॉटपुढे त्यांनी लाल पेनाने 'रोखला' लिहिलंय, आणि त्याखाली निळ्या शाईत 'सोडला', तारीख आहे, सही कोणाचीच नाही. मी बराच वेळ ते पान धरून उभी होते. ऑडिटवाली म्हणाल्या तसा मेल टाकला, दोन्ही प्रश्न त्यात लिहिले आणि त्या पानाचंही विचारलं. दुपारी उत्तर आलं, 'जॉईन झाल्यावर बसून बोलू.' मी खुर्चीला 'नाही' असं कळवून टाकलंय. जे दोन लॉट गेले ते परत मागवा असं पण लिहिलंय, हेडना सीसी करून. लॉट नंबर घातलेत.

तळ्यात_मळ्यात:
बरं केलंत. पंप कुठल्या हॉस्पिटलांत गेले त्याची यादी तुमच्याकडे आहे की डिस्पॅचकडे? आणि नोटीस पिरियडचं अजून सांगितलं नाहीत.

चाफेकळी:
डिस्पॅचकडे. उद्या सकाळी पहिलं तिथे जाते. नोटीस तीन महिने.